बी.एस्सी.वाली देग

देण्यामागचा हेतू एका चौकोनात बसवून दाखव, असं मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पण नाझियानं सांगितलं. नाझिया माझ्या धाकट्या भावाची मुलगी. नवा रायपूरला संशोधन करते, आणि विषय घेतलाय की शिकलेसवरलेले, पदवीधर मुसलमान वक्फला का देतात. वक्फ म्हणजे अल्लाच्या नावानं कायमची देऊन टाकलेली वस्तू. जमीन असो, दुकान असो, विहीर असो, नाहीतर चार पुस्तकं. एकदा दिली की ती विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही आणि परत मागता येत नाही. नाझियाच्या फॉर्मवर त्यामागच्या कारणांचे सहा चौकोन होते. सवाब म्हणजे पुण्य, गेलेल्या आईबापांच्या नावानं, समाजाचं ऋण, नावलौकिक, कमिटीवरचा विश्वास आणि शेवटी 'इतर'. रायपूरला तेलीबांध्याच्या माझ्या घराच्या गॅलरीत बसून, तळ्याकाठी फिरायला आलेल्या लोकांकडे बघत मी त्या कागदाशी पाऊण तास झगडले. पेन उचललं, ठेवलं. चष्मा पुसला. चहा केला आणि तो थंड होऊ दिला. "फुफी, बस एक टिक करना है," नाझिया म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. मी म्हटलं, एकात नाही बसत. "तो 'इतर' कर दीजिए ना." इतर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या गोष्टीनं माझ्या बापाला एका दुपारी पेटलेल्या भट्टीसमोर रिकाम्या हातानं बसवलं, ती काय 'इतर'? मी तिला खायला घालून वाटेला लावलं आणि हे लिहायला बसले.

आम्ही कल्हईवाले. आताच्या पोरांना हा शब्द सांगावा लागतो म्हणून सांगते. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं, आणि कळकलेलं पोटात गेलं की माणूस आडवा होतो. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा, तो झिजला की पुन्हा द्यायचा. ही कल्हई, आणि अब्बांचं हेच काम. ते मूळचे भंडाऱ्याकडचे. भाता आणि सांडशी खांद्यावर टाकून कधीतरी रायपूरला आले आणि मशिदीमागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन खोल्या नि एक अंगण बघून राहिले. बाजारात ते छत्तीसगढी बोलत, दुआ उर्दूत मागत, आणि घरात, त्यातही रागवायचं असलं की, भंडाऱ्याची मराठी. मला मराठी शाळेत घातलं ते अम्माच्या हट्टानं. तिला स्वतःला तेवढीच अक्षरं येत होती आणि पोरगी पाटीवर काय लिहिते ते तिला वाचायचं होतं. शाळेत माझ्याशेजारी बसणाऱ्या मुलींच्या घरी तांब्या-पितळेची भांडी होती, त्यांना कल्हई लावायला अब्बाच जायचे. मागच्या दारानं. भांडी घेताना त्या मुलींच्या आया अब्बांना 'करीमभाई' म्हणत आणि चहा अंगणातच देत. वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. पण अब्बा त्यांच्याकडे असले की मी शाळेला दुसऱ्या रस्त्यानं जात असे.

आमचं घर आवाजाचं होतं. सकाळी भात्याचा फस्स-फस्स, मग तापलेलं भांडं पाण्यात बुडवल्यावरची चुर्र, मग अम्माचा खोकला. तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर भक्कन वर येतो. नाकात, डोळ्यांत, घशात जातो. अब्बा त्या धुरात कथलाची कांडी टेकवायचे आणि कापसाच्या बोळ्यानं एका झटक्यात कथील चहूकडे फिरवायचे. काळं, तांबडं भांडं बघता बघता चांदीसारखं होई. तो क्षण मात्र मला आवडायचा, हे इतक्या वर्षांनी कबूल करते. तेव्हा करत नव्हते. धूर चुलीपर्यंत जायचा. अम्माच्या भाताला, लाल भाजीला, लाखोळीच्या डाळीला, सगळ्याला नवसागराचा किंचित वास. मोठी होईपर्यंत मला वाटायचं की भाताचा वासच तसा असतो. एका मैत्रिणीकडे जेवले आणि घरी येऊन म्हटलं, त्यांचा भात काहीच लागत नाही. अम्मा हसून हसून बेजार झाली होती.

वर्षातला मोठा दिवस म्हणजे शाबान महिन्याचा शेवटचा जुम्मा. पुढे रमजान लागायचा. मशिदीच्या मालकीच्या दोन तांब्याच्या देगी होत्या, एकेकीत मोठा माणूस मांडी घालून बसावा एवढ्या. पाऱ्यात कोणाचं लग्न असो, मयताचं चाळिसावं असो, बाळाचा अकीका असो, देग तिथे जायची, त्यात पुलाव शिजायचा नाहीतर चिंच घातलेला डाळ-गोश्ताचा दालचा, आणि घासून परत यायची. भाडं नाही, काही नाही. वक्फच होती ती. दोन्ही देगींच्या काठावर टोच्यानं ठोकून एकच नाव कोरलं होतं: बन्नोबी. ही बन्नोबी कोण, कोणाची, कधीची, पाऱ्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या जुम्म्याला नमाज सुटली की ठेल्यावरून खणखणत त्या देगी आमच्या अंगणात यायच्या आणि अब्बा त्यांना कल्हई लावायचे. कथील त्यांचं, कोळसा त्यांचा, हात त्यांचे. कोणी द्यायला गेलं तर कानाला हात लावायचे. त्या दिवशी ते दुसरं कुठलंही काम घेत नसत आणि त्यांच्या चेहऱ्यावर ईदची कळा असे.

कल्हईच्या आधी देग आतून घासावी लागते, आणि एवढी मोठी देग हातानं घासून होत नाही. आत वाळू आणि विटेची पूड टाकतात, कोणीतरी अनवाणी आत उतरतं, भिंतीच्या खुंटीला बांधलेला दोर धरतं आणि कमरेतून पिळे देत पायांनी गोल गोल घासतं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. पाचव्या-सहाव्या वर्षापासून ते काम माझं. तळपाय सुरसुरायचे, नंतर पेटायचे, पण देगीतून बाहेर बघताना अंगण, पेरूचं झाड, अम्मा, सगळं उंच दिसायचं आणि अब्बा हाताचा ताल धरायचे. बारा वर्षांची झाले आणि मी सांगून टाकलं की आता मी उतरणार नाही. कारण विचारलं तर म्हटलं, मी काय नाचणारी आहे?  त्या वर्षी ते स्वतः उतरले. पुढेही तेच उतरत राहिले.

आता कॉलेजची गोष्ट. मॅट्रिकला मला चांगले गुण पडले, आणि घरात ते साजरे करावेत की लपवावेत हे कोणाला कळेना, कारण पुढच्या फीचं काय करायचं हेही कळत नव्हतं. मशिदीची दोन दुकानं होती, तीही वक्फ. त्यांच्या भाड्यातून गरजूंची कामं व्हायची. मुतवल्ली, म्हणजे वक्फची राखण करणारे, होते हाजीसाहेब. सुपारी कातरत बोलणारा, धिप्पाड आणि सरळ मनाचा माणूस. अब्बा त्यांच्याशी कधी बोलले ते मला माहीत नाही. मला कळलं ते सगळ्या पाऱ्याबरोबर. जुम्म्याची नमाज झाली, आणि लाउडस्पीकर बंद करायचा राहिला. मी अंगणात तांदूळ निवडत होते. वरून हाजीसाहेबांचा आवाज आला: "कलईवाले करीम की बच्ची कॉलेज जाएगी. उसकी फ़ीस वक्फ से दी जाएगी. वो आदमी हर साल देगों की कलई करता है, बच्ची का हक़ बनता है." हक शब्द मी ऐकलाच नाही. मला ऐकू आलं ते 'कलईवाले की बच्ची' आणि 'दी जाएगी'. शेजारच्या चाची भिंतीवरून म्हणाल्या, "बने होगे नोनी!" छान झालं, पोरी. मी तांदळाचं सूप तिथेच ठेवून आत गेले आणि तोंडावर ओढणी घेऊन पडले. अम्मा मागून आली. "तू काहून रडून राहिली? पोट्टी कॉलेजात चालली आन रडते!" तिला काय सांगणार? पुढची तीन वर्षं मी त्या पाऱ्यातून मान खाली घालून चालले. कोणी सहज विचारलं की कॉलेज कसं चाललंय, तरी मला वाटायचं हिशोब मागतायत.

तेव्हाची माझी अस्वस्थता आज मला जरा हास्यास्पद वाटते, पण ती खोटी नव्हती. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला मुलींना एकेक क्षार ओळखायला दिला होता. माझ्या काचनळीतली पांढरी पूड तापवली, धूर आला, आणि मला दुसरी कुठलीही परीक्षा करायची गरज उरली नाही. मी लिहून टाकलं, अमोनियम क्लोराइड. नवसागर. सर चकित झाले. "सिर्फ़ सूँघकर? कैसे पहचाना?" साऱ्या वर्गाच्या माना माझ्याकडे वळल्या. सांगायचं होतं की हा वास माझ्या भाताचा आहे. मी सांगितलं, "किताब में पढ़ा था, सर." त्या संध्याकाळी अब्बांच्या ताटात भाजी वाढताना त्यांच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे मला बघवेना. ते मात्र विचारत होते, "काय शिकली आज?" मी म्हटलं, काही नाही.

बी.एस्सी. झाले. पाऱ्यातली पहिली मुलगी. बीरगावच्या एका शाळेत विज्ञानाची मास्तरीण म्हणून लागले. कारखान्यांतल्या कामगारांची मुलं असायची, टेंपोत उभं राहून जायचं, धुळीनं माखून परत यायचं. पहिल्या दिवसापासून डोक्यात एकच विचार भुणभुणत होता: ते लाउडस्पीकरवरचं वाक्य पुसायचं. फी परत करायला गेले तर हाजीसाहेब हसले. म्हणाले, वक्फचं घेतलेलं कर्ज नसतं बेटी, परत कसलं करतेस? त्यांच्या हसण्यानं मी आणखीच चिडले. मला घेणाऱ्यांतून उठून देणाऱ्यांत जाऊन बसायचं होतं, आणि तेही सगळ्यांना दिसेल असं. म्हणून काही महिने पोटाला चिमटा घेतला आणि भांड्यांच्या दुकानातली सगळ्यात मोठी अ‍ॅल्युमिनियमची देग विकत घेतली. लखलखीत, हलकी, आणि तिला कल्हई लागत नव्हती. माझ्या मते हा तिचा सर्वांत मोठा गुण. मी सायन्सवाली ना! दुकानदारानं विजेची लेखणी हातात घेऊन विचारलं, नाव काय टाकू. मी कागदावर लिहून दिलं. टर्रर्र आवाज करत त्यानं काठावर कोरलं: 'मेहरुन्निसा बी.एस्सी. की तरफ़ से वक्फ़'. त्यातलं बी.एस्सी. जरा मोठं टाका, असंही मी सांगितलं होतं. हे लिहिताना कान गरम होतायत, पण लिहिते.

देग आधी घरी आणली. अब्बांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून बोटाच्या पेरानं टक टक केलं आणि कान देऊन ऐकलं. "हलकी आहे," ते म्हणाले. "उचलाले बरी." मी वाट पाहत होते की आणखी काही म्हणतील. "तिले कल्हई नाही लागत, अब्बा. कटकट संपली." अम्मानं झर्रकन त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "हव. चांगलं केलं बेटा," आणि हात धुवायला गेले. मला राग आला. बापानं जरा तरी छाती फुगवावी की नाही? त्या रागात मला दुसरं काहीच दिसलं नाही.

मशिदीत मात्र कौतुक झालं. या खेपेला लाउडस्पीकर मुद्दाम चालू ठेवला होता. आचारी खूश, कारण तांब्याची देग उचलायला चौघं लागत, ही दोघांनी उचलायची. घासायला सोपी. हाजीसाहेब म्हणाले, तांब्याच्या विकता तर येणार नाहीत, वक्फच्या आहेत, वुजूखान्यामागच्या, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुवायच्या जागेमागच्या, कोठीत ठेवू. मला ते योग्यच वाटलं. महिन्याभरात माझ्या देगीला पाऱ्यानं नाव पाडलं. लग्नघरची माणसं यायची आणि विचारायची, "हाजीसाहब, इतवार को बीएससी ख़ाली है क्या?" बीएससी अमक्याकडे गेलीय, बीएससी अजून परत आली नाही, बीएससीत दालचा काय उतरतो! मी रस्त्यानं जाताना हे कानावर यायचं आणि माझी मान, तीन वर्षं खाली असलेली, वर यायची. सवाबाचा विचार मनात आला होता का? आला असेल. समाजाचं ऋण? तेही असेल. पण नाझिया, चौथा चौकोन, नावलौकिकाचा, तो तेव्हा मी डोळे मिटून भरला असता.

आणि शाबानचा शेवटचा जुम्मा आला. मला तो लक्षातही नव्हता. शाळा सुटून, टेंपो बदलत, मी चारच्या सुमारास घरी पोचले. गल्लीतच कोळशाचा वास आला. अंगणात भट्टी पेटलेली होती. शेजारी कथलाच्या कांड्या ओळीनं मांडलेल्या, कापसाचे बोळे करून ठेवलेले, नवसागराचा डबा उघडा, पाण्याची टाकी भरलेली. भिंतीच्या खुंटीला नवा दोर. आणि त्या सगळ्यामध्ये अब्बा नमाजेच्या धुतल्या कुर्त्यात पाटावर बसलेले. हात भात्यावर. निखारे काळपटायला लागले की एक फुंकर द्यायचे, पुन्हा थांबायचे. भट्टीवर काहीच नव्हतं. कामाला बसताना ते फाटकी बंडी घालत. कुर्ता बदलायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

अम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मला आत ओढलं. "नमाज होताच पळत आले, भट्टी लावली. दरसाली ठेला मागं मागं येते ना. थो आलाच नाही. मंग हाजीसाहेबाचा मानूस आला." काय म्हणाला, मी विचारलं. अम्मानं त्याचं वाक्य त्याच्याच हिंदीत सांगितलं. "करीमभाई, अब काहे की कलई? बीएससी है ना." मग ती हळूच म्हणाली, "घरोघरी स्टीलचे भांडे आले. थ्या दोन देगीच राहिल्या होत्या मेहरू, त्याइच्या हाताले."

मला एकदम बसावंसं वाटलं आणि बसवेना. अंगणात गेले, परत आत आले, पाणी पिण्यासाठी पेला घेतला आणि तो तसाच ठेवला. माझ्या बापाकडे द्यायला दुकान नव्हतं, जमीन नव्हती. वर्षातून एका दुपारी तो हाजीसाहेबांपेक्षा, अख्ख्या पाऱ्यापेक्षा मोठा होत होता, कारण त्या दिवशी तो देणारा असायचा. आणि मी, त्याच देण्याच्या हक्कावर शिकलेली, त्याच्या हातातलं ते देणं काढून घेऊन वर स्वतःचं नाव कोरून आले होते. परत घ्यायची सोय नाही. वक्फ ते वक्फ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी अब्बांसमोर जाऊन उभी राहिले. "काहून बसले अब्बा? विझवा ना." त्यांनी वर बघितलं नाही. "कोळसा टाकून झाला होता," ते म्हणाले, आणि भाता एकदा दाबला.

मी तशीच, शाळेच्या साडीत, पर्ससकट मशिदीच्या मागच्या दाराशी गेले. हाजीसाहेब सुपारी कातरत बसले होते. कोठीची किल्ली द्या, मी म्हटलं, देगी न्यायच्या आहेत. "पर बेटी, उसमें अब पकना तो है नहीं." मी म्हटलं, शिजो न शिजो, वक्फच्या वस्तू कळकून चालतील का? मुतवल्लीचं काम काय असतं? आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण वुजू करणारे दोघेतिघे वळून बघायला लागले. हाजीसाहेबांचा अडकित्ता थांबला. माझ्याकडे पाहत राहिले, मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "या अल्लाह," ते पुटपुटले. "मैंने तो सोचा करीमभाई को आराम हो जाएगा." किल्ली त्यांनी स्वतः लावली आणि ठेल्यावर देगी चढवायला स्वतः हात लावला. त्या माणसाबद्दल मनात आणलेल्या प्रत्येक वाईट शब्दाची मी नंतर तोबा केली आहे.

ठेलेवाला पुढे ओढत होता आणि मी मागून दोन्ही हातांनी देगी धरून चालले होते. वर्षभर न घासलेल्या, हिरवट पडलेल्या. खड्डा आला की त्या एकमेकींवर आदळत आणि सारी गल्ली दारात येई. "मास्टरिन, ये का लेके जात हस?" एका बाईनं विचारलं. मी म्हटलं, "अब्बाच्या कल्हईच्या देगी." मोठ्यानं म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

अब्बांनी ठेला बघितला, देगी बघितल्या, मग माझ्याकडे.  आत जाऊन कुर्ता काढून बंडी घालून आले. मी तोवर वाळू आणि विटेची पूड देगीत टाकली होती. चपला काढल्या, साडी खोचली आणि दोर धरून आत उतरले. "मास्तरीन आहे तू आता," ते म्हणाले. "लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, ताल धरा. पहिल्या पिळ्याला पाय घसरला आणि तोंडावर पडता पडता वाचले. त्यांनी टाळी वाजवायला सुरुवात केली. उजवीकडे, डावीकडे. मऊ पडलेले तळपाय पहिल्या पाच मिनिटांतच सोलवटले. मी रडत होते आणि घासत होते, आणि भट्टीच्या धुरानं डोळ्यांतून पाणी येतंय असं कोणालाही वाटलं असतं.

पहिली देग तापली, नवसागर पडला, पांढरा धूर उठला. अब्बांनी कथील फिरवलं आणि देगीचं पोट उजळत गेलं. तेव्हा मी म्हटलं, "अब्बा, मी चुकले. ती देग आता परत घेता येत नाही."

"परत काहून घ्याची?" बोळा फिरवता फिरवता ते म्हणाले. "दिली ते बरंच केलं. पन बेटा, देग एकडाव देता येते. कल्हई दरसाल द्या लागते." मग काठावरच्या बन्नोबीच्या नावावरून बोट फिरवलं. "हे बाई कोन होती मले मालूम नाही. तिचं देनं मी पुढं चालवून राहिलो, बस. आन तुले फीची शरम वाटे ना? मले दिसे. कोनी घेनारंच नसन तं वक्फ कायले पायजे?"

 दुसरी देग घासायची होती. मी पाय धुतले आणि तिच्यात उतरले.

अब्बा त्यानंतर आठ वर्षं होते आणि आठही शाबान आम्ही दोघांनी देगी केल्या. त्यांत कोणी शिजवत नव्हतं, तरी केल्या. आता तर लग्नाचे केटरर स्वतःची भांडी घेऊन येतात. माझी बीएससी चिंचेच्या दालच्यानं तळाशी खड्डे पडून गळायला लागली. आंबटानं अ‍ॅल्युमिनियमचं काय होतं हे मला तेव्हाही शिकवलेलं होतं, पण ते मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. तिला विकता येत नाही. म्हणून ती कोठीत पडून आहे आणि तिच्यात वुजूचे जुने लोटे ठेवतात. नाव अजून अगदी स्वच्छ वाचता येतं. शेजारी बन्नोबीच्या दोन देगी, आतून चांदीसारख्या. रायपुरात कल्हईवाला उरला नाही. दर शाबानला मी भंडाऱ्याहून एका म्हाताऱ्याला बोलावून घेते, आणि दरवर्षी तो विचारतो, आपा, यात शिजत काही नाही, मग कशाला? दरवर्षी मी त्याच्यावर खेकसते. मागच्या वर्षापर्यंत आत मीच उतरत होते. यंदा गुडघ्यांनी साफ नकार दिलाय, आणि गेले दोन आठवडे मी घरात फेऱ्या मारतेय ते खरं यासाठी.

काल नाझियाचा फोन आला. फॉर्म जमा करायचा होता. "फुफी, तो मोटिवेशन में क्या लिखूँ? एक लाइन बोल दीजिए."

बरंच सांगायचं होतं. मी म्हटलं, "येत्या जुम्म्याला नमाजेनंतर मशिदीच्या मागच्या दाराशी ये. जुनी सलवार घालून ये."

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. तिनं तेच लिहून घेतलं होतं.